बाकावरचा अर्धा तास

"बाय, सोड गो! साडेसहाला पावने दारात येतील, आन् पोरीचा बाप इथं बाकावर बसलेला! बरं दिसतं काय?"

हिराजी तांडेल माझ्यासमोर उभे होते आणि मशीन कोकलत होतं. वरचा लाल दिवा उघडझाप करत होता. मागे रांगेतली माणसं हसत होती, कारण हिराजींनी त्या दिवशी केसांना तेल चोपडून मधोमध भांग पाडला होता. पन्नाशीकडे झुकलेला कोळी माणूस, पण चेहरा असा, की जणू साखरपुडा मुलीचा नाही, त्यांचाच आहे.

"वाजलंय, तांडेल. बसा बाकावर," मी म्हणाले.

"शर्टामुळं वाजतंय. टेरिकॉट हाय. नवा. कालच घेतला."

"टेरिकॉट घालून येऊ नका, हे किती वेळा सांगितलंय तुम्हाला?"

"आजचा एक दिस गो!"

हे सगळं १९८७च्या जानेवारीतलं. समुद्रकाठचं आमचं अणुवीज केंद्र. माझं वय तेवीस, नोकरीला साडेअकरा महिने झालेले आणि कायम व्हायला पंधरा दिवस उरलेले. काम म्हटलं तर सोपं. अणुभट्टीच्या आतल्या भागातून जो बाहेर येईल, त्यानं माझ्या दारावरच्या मशीनवर उभं राहायचं, दोन्ही हात खाचांत घालायचे, पायाखालच्या पट्ट्यांवर पाय ठेवायचे आणि मी एक चपटा डबा त्याच्या कपड्यांवरून फिरवायचा. कुठे किरणोत्सारी धूळ चिकटली असली की मशीन बोंब ठोकणार. त्या मशीनला सगळे दारवान म्हणायचे. मला वझेबाई म्हणायचे. हिराजी तेवढे बाय म्हणायचे.

आता टेरिकॉटची भानगड सांगते. जमिनीतून, सिमेंटमधून एक किरणोत्सारी वायू सगळीकडेच थोडाथोडा निघत असतो, अगदी तुमच्या स्वयंपाकघरातसुद्धा. हिवाळ्यात टेरिकॉटचा शर्ट अंगाला चिकटतो ना, तडतडतो, तसा तो या वायूची धूळही ओढून घेतो. मग दारवान वाजतो. ही धूळ निरुपद्रवी, आणि अर्ध्या तासात तिचा जोर निम्म्यावर येतो. म्हणून नियम असा होता की वाजलं की माणसाला बाकावर बसवायचं, अर्धा तास थांबायचं, पुन्हा मोजायचं. आकडा उतरला तर हवेतली धूळ, जा घरी. नाही उतरला तर आतलंच काहीतरी अंगावर आलंय, मग वरिष्ठांना बोलवायचं. आणि दोन्ही वेळचं रजिस्टरात लिहायचं.

त्या महिन्यात तीस-चाळीसदा तरी वाजलं असेल. प्रत्येक वेळी टेरिकॉट. बसवून बसवून मलाच कंटाळा आला होता. आणि तेवीस वर्षांच्या मुलीला आपल्याला सगळं कळतं असं वाटत असतं, तसं मलाही वाटत होतं. डोंबलाचं कळत होतं!

फाटकापाशी पाच दहाच्या बसनं हॉर्न दिला. पुढची बस पावणेसातला.

डबा हिराजींच्या डाव्या बाहीवर वाजला होता, मनगटाच्या वर. मी बघितलं होतं. नीट बघितलं होतं.

"टेरिकॉटच ना?"

"आईशप्पत!"

"जा मग, पळा. बस चुकेल."

"उद्या पेढा आणतो, बाय!" म्हणत ते धावले. रांगेतल्या कुणीतरी शिट्टी मारली. मी रजिस्टर ओढलं. 'किती वेळा वाजले' असा रकाना होता. लिहिलं असतं तर पुढे 'फेरतपासणी' हा रकानाही भरावा लागला असता. मी लिहिलं, निरंक.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हिराजी खरोखरच पेढा घेऊन आले. कागदात बांधून शर्टाच्या खिशात ठेवला होता. शर्ट तोच, कारण साखरपुड्याचा शर्ट दुसऱ्या दिवशी मिरवायचा असतो.

"जमलं?" मी विचारलं.

"फस्क्लास! पोरगा बोटीवर इंजन बघतो. दारू नाय, काय नाय. जयवंतीला हिरवी साडी दिली त्यांनी, जरीची. आमची पोर रडली गो, खुशीनं." बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले, बाहीनं.

पेढा खाल्ला मी. चांगला होता.

साडेनऊला बोलावणं आलं. आत एका पंपाखाली पाणी ठिबकत होतं, आणि कधीपासून ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पाण्यात किरणोत्सार होता. भयंकर वगैरे नाही, पण घरी न्यावा असाही नाही. त्या कोपऱ्याची फरशी पुसायला कंत्राटदाराची चार माणसं असायची. चौघांना बोलावून तपासलं. तिघे साफ. हिराजींच्या शर्टावर डबा वाजला, डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर.

माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? मी पेढा खाल्ला! सांगायला लाज वाटते, पण खरं तेच. त्या माणसाचं काय होणार, त्याच्या घरच्यांचं काय, हे नाहीच. माझ्या पोटात त्या पेढ्याचं काय होईल? नंतर गुपचूप स्वतःला तपासून घेतलं. काही नव्हतं.

आमचे साहेब सामंत. आवाज न चढवणारा माणूस. त्यांच्या केबिनमध्ये मी, ते आणि हिराजी. शर्ट काढून पिशवीत सील केलेला, त्यामुळे हिराजी बनियनवर उभे. पोरीच्या बापाचा कालचा थाट उतरलेला.

"वझे, काल संध्याकाळी दारावर तुम्ही होता," सामंत म्हणाले. "हे बाहेर पडले तेव्हा वाजलं होतं का?"

समोर रजिस्टर उघडं होतं. माझ्या अक्षरात निरंक.

सामंत पुढे म्हणाले, "हे बघा, चूक झाली असेल तर झाली. मला कुणाला फासावर द्यायचं नाही. मला एवढंच कळायला हवं की हे कधीपासून चाललंय. कालचंच आहे की आधीचं. तेवढं कळलं की बाकीचं सगळं सोपं आहे."

इतकं सरळ, इतकं मायेनं कुणी विचारत नाही. आणि माझ्या डोळ्यांपुढे काय होतं? एक फेब्रुवारी. कायम झाल्याचं पत्र. गावी आईनं चारचौघांत सांगून ठेवलं होतं, आमची कालिंदी अणुकेंद्रात आहे.

"नाही सर," मी म्हणाले. "वाजलं नव्हतं."

हिराजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. भरतीची वेळ झाली का हे बघायला कोळी माणूस पाण्याकडे बघतो, तसं थोडा वेळ बघितलं. आता हे म्हणणार, वाजलं होतं साहेब, या बाईनंच सोडलं. म्हणायला हवं होतं त्यांनी.

"साहेब," हिराजी म्हणाले, "मशीनवर मी उभाच नाय रायलो. बस चुकत व्हती. सामानाच्या दारानं गेलो."

सामंत खुर्चीत ताठ झाले. "सामानाच्या दारानं? तपासणी न करता? किती दिवस चाललंय हे?"

हिराजींना खोटं बोलायची सवय नव्हती. सवयीच्या माणसानं 'कालच, साहेब' म्हणून विषय मिटवला असता. त्यांना वाटलं, एकदाच म्हटलं तर पटायचं नाही.

"जातो कधीमधी," ते म्हणाले.

तेव्हा तरी मी तोंड उघडायचं! एक वाक्य, बाकी काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता आणि मी रजिस्टराच्या कडेकडे बघत उभी होते. सामंतांनी फोन उचलला आणि जीप मागवली.

हिराजींच्या गावी आम्ही दुपारी बाराला पोचलो. आम्ही म्हणजे सामंत, दोन मदतनीस आणि मी, कारण मोजणीचं काम माझं होतं. नियमाप्रमाणे पिवळे डगले चढवले, हातमोजे, बुटांवर पिशव्या, तोंडावर फडकी. आदल्याच वर्षी रशियात भट्टी फुटली होती. वर्तमानपत्रांत पिवळ्या-पांढऱ्या डगल्यांतल्या माणसांचे फोटो सगळ्यांनी पाहिले होते. किनाऱ्यावर जाळी शिवणारे लोक उठून उभे राहिले. बायकांनी पोरांना आत ओढलं. आम्ही कडकडणारं यंत्र घेऊन वाळूतून चालत गेलो आणि हिराजींच्या दारात थांबलो. दाराला कालचं आंब्याचं तोरण अजून होतं.

दारात जयवंती. अठरा वर्षांची, हातात हिरव्या बांगड्या. तिनं आधी बापाकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"बाबा, काय झालं?"

"काय नाय. साहेब लोक जरा बघून जातील."

जरा कसलं! दोन तास चाललं. मी घरभर यंत्र फिरवलं. चूल, माठ, भिंतीतला देवाचा कोनाडा, सगळीकडे. हिराजींच्या उशीच्या अभ्र्यावर थोडंसं सापडलं, एका टॉवेलवर थोडंसं. तेवढंच. खरं सांगते, छातीचा एक एक्स-रे काढला तर याहून जास्त होतं. पण किती दिवसांचं आहे ते ठाऊक नाही म्हटल्यावर सगळंच संशयातलं. अभ्रा, टॉवेल, गोधडी, दारातलं तरटाचं पायपुसणं, सगळं पिवळ्या पिशव्यांत गेलं. आणि ती जरीची हिरवी साडी. हिराजींनी आदल्या रात्री आपल्या हातानं घडी घालून ती ट्रंकेत ठेवली होती.

"ती नको ना नेऊ, ताई," जयवंती मला म्हणाली. तोंडावर फडकं होतं, तरी मी बाई आहे हे तिला कळलं.

"तपासून परत देऊ," मी म्हणाले.

कुंपणापाशी अख्खं गाव उभं होतं. पिवळ्या पिशवीतली हिरवी साडी सगळ्यांनी पाहिली.

परत येताना जीपमध्ये सामंत समुद्राकडे बघत होते. मग म्हणाले, "वाईट वाटतं, वझे. काल दारावर वाजल्याची नुसती एक ओळ असती ना, पाच दहा, डावी बाही, तर हे कालचंच आहे हे कळलं असतं, या घरात पाऊलसुद्धा ठेवायला नको होतं. एक शर्ट नि एक उशी गुपचूप मागवून घेतली असती, बसची सीट पुसली असती आणि विषय संपला असता."

मी ऐकलं. समजलं. आणि गप्प बसले. सकाळी बोलले तेव्हा घाबरले होते, असं तरी म्हणता येईल. जीपमध्ये मी सगळं समजून उमजून गप्प बसले.

कंत्राटदारानं हिराजींचा पास दुसऱ्याच दिवशी काढून घेतला. चौथ्या दिवशी मुलाकडच्यांचा निरोप आला. घरात अणू शिरलाय, त्या पोरीला उद्या मुलंबाळं कशी होतील, आम्हाला नको. साडी साफ निघाली. तीन आठवड्यांनी शिपायाबरोबर परत पाठवली, पण मुलाकडच्यांनी तीही घेतली नाही. अहवालात लिहिलं गेलं, कर्मचाऱ्यानं हेतुपुरस्सर नियम मोडला. मी एक फेब्रुवारीला कायम झाले. आईनं सत्यनारायण घातला.

पुढे मी बऱ्यापैकी चढले. सुरक्षा विभागाची प्रमुख होऊन निवृत्त झाले. नव्या पोरांना शिकवायचे, की बाबांनो, झालेली चूक लिहा, रागावणारा कुणी नाही, न लिहिलेली चूक मात्र भलत्याच्याच घरात जाते. पोरं टाळ्या वाजवायची. उदाहरण द्यायचे ते असं, "एका केंद्रात एका कर्मचाऱ्यानं एकदा नोंद केली नाही." एका कर्मचाऱ्यानं! तोंड वर करून वर्षानुवर्षं हेच सांगत आले.

निवृत्तीनंतर घरी बसले आणि झोप उडाली. दुपारी आडवी झाले तरी ती साडी दिसायची. शेवटी एक दिवस उठले आणि एसटी पकडून हिराजींच्या गावी गेले. सदतीस वर्षांनी. ठरवलं होतं, एकदा तोंडावर सांगून टाकायचं. मग ते थुंकले तरी चालेल.

हिराजी पडवीत बसले होते. ऐंशी उलटलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी नाव सांगितलं.

"वझेबाई!" ते उठायलाच लागले. "अगो जयवंती, भायेर ये, कोण आलंय बघ! मी सांगत नवतो? हीच ती आपली बाय!"

जयवंती बाहेर आली. केस पिकलेले. तिचं लग्न पुढे उशिरा एका बिजवराशी झालं, तो गेला आणि ती बापाकडे परत आली, हे मला नंतर कळलं. तिनं मला निरखून बघितलं आणि चहा टाकायला आत गेली.

"मोठी साहेबीण झालीस ना?" हिराजी म्हणाले. "मला सगळी खबर लागते. पेपरात फोटो आला व्हता तुजा. मी गावात दाखवला. म्हटलं, ही आपल्यामुळं हाय."

"तांडेल, मी सांगायला आलेय की त्या दिवशी..."

"अगो, काय सांगतीस? मी नवतो काय तिथं?" ते हसले. "वाजलं व्हतं. चांगलं ठणाणा वाजलं व्हतं. पन तुला एक म्हायती नाय. चूक माजीच व्हती. आमा चौघांत एक कपाट, त्यात नवा शर्ट चुरगाळला असता, म्हनून मी तो अंगातच ठेवला, वरनं कामाची डांगरी चढवली. फडक्याचं पानी बाहीत गेलं. कळलं मला. तरी तुज्याकडं टेरिकॉटची शप्पत घेतली. मग साहेबासमोर तू नाय म्हनालीस तवा म्हटलं, पोर माज्यापायी मरतेय. नवी नोकरी. माजी जयवंती तशी ही."

मी पडवीच्या कडेवर टेकले.

"घरी ते पिवळे येनारच व्हते," हिराजी म्हणाले. "सरकारी काम ते, कुनाला चुकलंय? सोयरीक मोडायची ती मोडलीच असती. मग दोघांनी कशाला बुडायचं? एक तरी वर रायला पायजे. रायलीस ना!" आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. इतका खूश झालेला माणूस मी क्वचित पाहिलाय.

त्यांना ठाऊकच नव्हतं. ते पिवळे येणार नव्हते. माझ्या एका 'हो'वर ते आले नसते. त्यांनी मला वाचवलं होतं खरं, पण जे जाणारच होतं असं धरून ते चालले होते, ते मुळी जाणारच नव्हतं. हेच सांगायला मी आले होते. सांगायचं होतं. चहा आला, तो प्यायले. सुक्या बोंबलांची पुडी हातात पडली, ती घेतली. दोनदा तोंड उघडलं, दोनदा ते काहीतरी गमतीचं आठवून हसले.

जयवंती कुंपणापर्यंत पोचवायला आली. तिथेच, जिथे तेव्हा गाव उभं होतं. पडवी मागे राहिली तशी ती थांबली.

"बाई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही साहेबांना खरं सांगितलं असतं, तरी ते लोक घरात आले असते?"

सदतीस वर्षं हा प्रश्न मी स्वतःला विचारत होते आणि उत्तरही मला पाठ होतं. तरी क्षणभर जीभ वळलीच. हो म्हण, कालिंदी. हो म्हटलंस की सगळे सुटतील.

"नाही," मी म्हणाले. "कुणीच आलं नसतं. शर्ट आणि उशी मागवून घेतली असती. बस. माझ्या तोंडून 'नाही' निघालं, म्हणून ते आले."

कुंपणावर वाळत घातलेलं जाळं तिनं जरा सारखं केलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तुमचं यंत्र साडीवर एकदाही वाजलं नव्हतं. मी बघत होते."

"जयवंती, मी..."

"माफी नका मागू. मला ती ठेवायला जागा नाही." मग तिनं मागे, पडवीकडे बघितलं. "बाबांना सांगणार होता ना हे?"

"हो. त्यासाठीच आले."

"सांगू नका," ती म्हणाली. "नोकरी गेली, माझं असं झालं, पण त्यांना वाटतं, एक मुलगी तरी वाचवली. त्यावर जगलेत ते. तेवढं त्यांच्याकडून घेऊ नका. गप्प राहायची तुम्हाला सवय आहे. राहा."

मी मान हलवली. आणखी काय करणार? आयुष्यात पहिल्यांदा सगळं खरं लिहून द्यायला निघाले होते, आणि नोंदीचा तो रकाना त्या बाईनं माझ्यासमोर बंद केला. बरोबरच केलं तिनं.

सडकेच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला. पडवीतून हिराजींनी हात उंचावला. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी मी कुठे उभी आहे त्याचा अदमास धरून ते पूर्ण ताकदीनं ओरडले, "पळ गो बाय! बस चुकेल!"